आमचा पेपर परत कधी मिळणार?

एप्रिल-मे महिन्यात आपल्या रविवारच्या वर्गात हजेरी पूर्ण असते, पण लक्ष अर्धंच असतं. शाळेत राज्याची परीक्षा चालू असते ना! राज्याची परीक्षा म्हणजे राज्यातल्या सगळ्या मुलांनी एकाच पद्धतीने द्यायची आणि एकाच पद्धतीने तपासली जाणारी परीक्षा. मराठीत तिला 'प्रमाणित चाचणी' असा शब्द आहे, पण तो घरी कोणी वापरत नाही. आपण सरळ 'टेस्ट' म्हणू या.

आपला वर्ग ऑनलाइन आहे, त्यामुळे एक मजा होते. एकाच पडद्यावर टेक्सासची, कॅलिफोर्नियाची आणि मॅसॅच्युसेट्सची मुलं दिसतात. प्रत्येकाची टेस्ट वेगळी, तिचं नाव वेगळं. टेक्सासची 'स्टार', मॅसॅच्युसेट्सची 'एमकॅस', कॅलिफोर्नियाची 'कॅस्प'. गेल्या मे महिन्यात एका रविवारी मी धडा बाजूला ठेवला आणि विचारलं, "टेस्टबद्दल तुम्हाला काय वाटतं? मराठीत सांगा." एरवी ज्यांच्याकडून एक वाक्य काढायला पाच मिनिटं लागतात, ती मुलं एकदम बोलायला लागली. दोघांना तर माइक बंद करा म्हणून सांगावं लागलं.

टेक्सासच्या पाचवीतल्या मुलाने सांगितलं की टेस्टच्या दिवशी भिंतीवरचे सगळे तक्ते कागदाने झाकतात. तक्त्यावर उत्तर सापडू नये म्हणून. "वर्ग आजारी आहे असं वाटतं," तो म्हणाला. सहावीतल्या एका मुलीला मात्र टेस्टचा आठवडा आवडतो. घरचा अभ्यास नसतो, आणि टेस्ट लवकर संपली तर तिच्या वर्गात पुस्तक वाचू देतात. तिने त्या आठवड्यात एक जाडजूड पुस्तक संपवलं होतं. मॅसॅच्युसेट्सच्या दहावीतल्या ताईचं म्हणणं वेगळंच. पूर्वी तिथे एमकॅस पास झाल्याशिवाय हायस्कूलचा डिप्लोमा मिळत नसे. नोव्हेंबर 2024 मध्ये तिथल्या मतदारांनी ही अट काढून टाकली. टेस्ट अजून होते, पण डिप्लोमा तिच्यावर अडत नाही. "आता टेन्शन नाही," ती म्हणाली, "पण अर्धा वर्ग नीट लिहीतच नाही. मग ती घ्यायची कशाला?"

कॅलिफोर्नियाचा सातवीतला मुलगा मात्र गप्प होता. शेवटी म्हणाला, "काका, मला प्रश्न कठीण होत गेले. खूप कठीण. मला वाटलं, मी ढ आहे."

(मला सगळे काका म्हणतात. अजून चाळिशी गाठलेली नाही, तरी काका. सवय झाली.)

त्याचं बोलणं ऐकून मला राहवलं नाही, कारण हे कोडं सॉफ्टवेअरचं आहे आणि ते माझं रोजचं काम आहे. कॅलिफोर्नियाची इंग्रजी आणि गणिताची टेस्ट संगणकावर होते आणि ती मुलाप्रमाणे बदलत जाते. तुमचं उत्तर बरोबर आलं की संगणक पुढचा प्रश्न जरा कठीण देतो. चुकलं की जरा सोपा देतो. असं करत करत तो तुमची पायरी शोधतो. म्हणजे हुशार मुलालाही बरेच प्रश्न चुकणारच, कारण संगणक त्याला मुद्दाम वरच्या पायऱ्यांवर नेतो. प्रश्न कठीण होत गेले याचा अर्थ आधीची उत्तरं बरोबर होती! हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग हे आधी कोणी का नाही सांगितलं?" मला उत्तर देता आलं नाही.

आता या टेस्ट आल्या कुठून, ते थोडक्यात सांगतो. परीक्षा आधीही होत्या, पण जानेवारी 2002 मध्ये अमेरिकेत 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' नावाचा कायदा झाला. एकही मूल मागे राहू नये, असा त्या नावाचा अर्थ. तिसरी ते आठवी दरवर्षी, आणि हायस्कूलमध्ये एकदा, वाचन आणि गणिताची टेस्ट घ्यायची असं त्यात ठरलं. 2014 पर्यंत देशातलं प्रत्येक मूल ठरलेल्या पातळीवर आलं पाहिजे, असंही लिहिलं होतं. प्रत्येक मूल! आमच्या ऑफिसात एखाद्या साहेबाने असं वेळापत्रक दिलं तर सगळे मान डोलावतात आणि गुपचूप चहाला जातात. शेवटी डिसेंबर 2015 मध्ये नवा कायदा आला. त्याने राज्यांना जास्त मोकळीक दिली, पण टेस्ट काही गेल्या नाहीत.

नीट बघा, ही टेस्ट मुळात तुमची परीक्षा नाही. ती शाळेची परीक्षा आहे. आणि त्या कामासाठी ती उपयोगी आहे, असं माझं मत आहे. या कायद्याआधी शाळा आपली सरासरी दाखवून मोकळी होऊ शकत होती. कायद्याने सांगितलं, गरीब घरांतल्या मुलांचे आकडे वेगळे दाखवा, नव्याने इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचे वेगळे, अपंग मुलांचे वेगळे. मग कोणाकडे दुर्लक्ष होतंय ते सगळ्यांना दिसायला लागलं. तुमच्यातही काही जण भारतातून आल्यावर पहिली एक-दोन वर्षं 'इंग्रजी शिकणारा विद्यार्थी' होते. अशा मुलांचं शाळा काय करते, हे कोणी तरी मोजायलाच हवं. म्हणून टेस्ट पूर्ण बंद करा, असं मी म्हणणार नाही. कॅलिफोर्नियात पालकांनी लेखी कळवलं तर मुलाला टेस्टला न बसण्याची सूट मिळते. आपल्या घरांत ते पत्र कोणी लिहिल्याचं माझ्या ऐकिवात नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही.

माझी तक्रार दुसरी आहे, आणि ती मला आठवीतल्या एका मुलीने दाखवली. सगळ्यांचं बोलून झाल्यावर तिने विचारलं, "काका, आमचा पेपर परत कधी मिळणार?"

मिळत नाही! घरी येतो तो एक कागद. त्यावर एक आकडा, चार पातळ्यांपैकी एक पातळी आणि एक रंगीत पट्टी. तोही बहुतेक वेळा सुट्टीत किंवा पुढची इयत्ता सुरू झाल्यावर. कुठला प्रश्न चुकला? काय लिहिलं होतं? बहुतेक मुलांना हे कधीच कळत नाही. ज्या बाईंनी वर्षभर शिकवलं, त्यांनाही अनेक ठिकाणी तुमचं उत्तर बघायला मिळत नाही.

मी मराठी शाळेत शिकलो. आमच्याकडे चाचणी, सहामाही, वार्षिक अशा परीक्षा असायच्या आणि चाचणीचे पेपर वर्गात परत मिळायचे. तो तास म्हणजे बाजारच असायचा. लाल शाईच्या खुणा, मग बेरीज. प्रत्येक जण आधी मार्कांची बेरीज करून बघायचा, कारण सरांचीही बेरीज चुकायची. "सर, इथे अर्धा मार्क राहिला!" म्हणत टेबलाभोवती गर्दी व्हायची. मग तो पेपर घरी न्यायचा आणि वडिलांची सही आणायची. ती सही मागताना घसा कोरडा पडायचा, ते वेगळं. पण सही करायच्या आधी बाबा पेपर वाचायचे. "अरे, हे तर तुला येतं. इथे कसं चुकलं?" माझी भागाकाराची सगळी शिकवणी अशा सह्यांच्या वेळी झाली.

उलट अनुभवही आहे. चौथीत मी शिष्यवृत्ती परीक्षेला, म्हणजे स्कॉलरशिपला बसलो. तीही पूर्ण राज्याची परीक्षा. भाषा, गणित आणि बुद्धिमत्ता चाचणी. पहाटे उठून वर्षभर जादा तास केले. यादी लागली, तिच्यात माझं नाव नव्हतं. उत्तरपत्रिका काही परत आली नाही. घरात कोणी रागावलं नाही, पण मी कुठे चुकलो ते मला आजही माहीत नाही. तेव्हा दहा वर्षांच्या मुलाने त्यातून काय अर्थ काढला असेल? 'बुद्धिमत्ता' नावाचा पेपर होता, आणि आपण यादीत नाही. म्हणजे आपल्याकडे ती नाही. त्या कॅलिफोर्नियाच्या मुलासारखंच.

पेपर परत न देण्यामागे कारणं आहेत, तीही सांगायला हवीत. चांगला प्रश्न तयार करायला वेळ आणि पैसा लागतो. तो आधी मुलांवर तपासून बघावा लागतो. काही प्रश्न पुन्हा पुढच्या वर्षी वापरतात, कारण त्याशिवाय या वर्षाची आणि मागच्या वर्षाची तुलना होत नाही. प्रश्न बाहेर फुटला की तो वाया गेला. हे सगळं मला पटतं. पण म्हणून काहीच दाखवायचं नाही? मॅसॅच्युसेट्स दरवर्षी काही प्रश्न सगळ्यांसाठी खुले करतं. टेक्सासमध्ये पालकांना वेबसाइटवर 'स्टार'चे प्रश्न आणि आपल्या मुलाची उत्तरं बघता येतात. (टेक्सासवाल्यांनो, आईबाबांना विचारा. आपल्या वर्गातल्या एकाही घरात हे माहीत नव्हतं.) आणि महाराष्ट्रात दहावीला पंधरा लाखांच्या आसपास मुलं बसतात, तिथेही आता फी भरून उत्तरपत्रिकेची छायाप्रत, म्हणजे फोटोकॉपी, मागता येते. म्हणजे करायचं ठरवलं तर करता येतं.

याच टेक्सासमध्ये 2023-24 पासून 'स्टार'ची लेखी उत्तरं बहुतांशी संगणक तपासतो. साधारण पाव उत्तरं माणसं बघतात. मी संगणकावर पोट भरतो, तेव्हा त्याला नावं ठेवणार नाही. पण एक सांगतो. संगणकाला जे बरोबर म्हणून शिकवलेलं असतं, त्याच्यासारखं दिसणारं उत्तर त्याला आवडतं. वेगळं पण बरोबर असं उत्तर आलं तर ते माणसाने बघावं लागतं, आणि ते बघायला आधी कोणाला तरी शंका यावी लागते. शंका सगळ्यात आधी कोणाला येईल? ज्याने उत्तर लिहिलं त्याला. म्हणून पेपर त्याच्या हातात पाहिजे. 2025 मध्ये टेक्सासने नवा कायदा केला आहे. 2027-28 पासून 'स्टार'च्या जागी वर्षातून तीन लहान टेस्ट होतील. निकाल लवकर येतील ही चांगली गोष्ट. पण निकाल म्हणजे पेपर नाही.

हे सगळं मी त्या रविवारी वर्गात अगदी जोरात सांगत होतो. तेवढ्यात तो पाचवीतला मुलगा म्हणाला, "पण काका, मराठीचा पेपर पण परत नाही मिळाला."

सगळे हसले. मीही हसलो, पण त्याचं खरं होतं. आपली वार्षिक परीक्षा मी ऑनलाइन फॉर्मवर घेतली होती. उत्तरं मी आधीच भरून ठेवली होती. मुलांनी लिहिलं की फॉर्म आपोआप मार्क देतो. मी ते मार्क प्रमाणपत्रावर टाकले आणि पालकांना पाठवले. एकही उत्तर मी स्वतः वाचलं नव्हतं. नोकरी सांभाळून हे काम करतो, वेळ नसतो, वगैरे कारणं माझ्याकडेही आहेत. राज्याकडे आहेत तशीच.

त्या रात्री फॉर्म उघडून बसलो. सतरा मुलांची उत्तरं होती. एकाने 'पाऊस' बरोबर लिहिलं होतं, पण पुढे पूर्णविराम दिला म्हणून फॉर्मने शून्य दिलं. एकाने 'झाड'चं अनेकवचन 'झाडे' लिहिलं. माझ्या यादीत 'झाडं' होतं, म्हणून शून्य. आणि एक प्रश्न होता, 'वडिलांच्या बहिणीला काय म्हणतात?' माझं उत्तर 'आत्या'. चौथीतल्या एका मुलीने लिहिलं होतं 'आत्ते'. शून्य.

पुष्कळ घरांत आत्तेच म्हणतात. माझी आजीसुद्धा म्हणायची.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी फोन केला. तिला सांगितलं की तुझं उत्तर बरोबर होतं, चूक माझी होती, आणि एक मार्क वाढला आहे. तिला मार्काचं फारसं काही वाटलं नाही. ती म्हणाली, "मला वाटलं, आमच्या घरी चुकीचं मराठी बोलतात. म्हणून मी आता 'आत्या' म्हणते."

मी म्हटलं, "आत्तेला फोन करून विचार, तिला काय आवडतं ते."

या वर्षी फॉर्म आपोआप मार्क देणार नाही. पेपर मी आणि दोन पालक मिळून वाचणार आहोत आणि जूनच्या पहिल्या रविवारी ते सगळ्यांना परत मिळतील. बेरीज करून बघा. अर्धा मार्क राहिला असेल तर त्याच दिवशी वर्गात सांगा.