विश्लेषण : शिमग्यात खेळपट्टी का उखडते?
संगमेश्वर तालुक्यात भातकापणीनंतर मोकळ्या शेतांत क्रिकेटची मैदाने तयार होतात. शिमग्याला चाकरमानी येईपर्यंत मात्र चेंडू कधी उसळतो, कधी खाली राहतो.

कारण काय?
रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिमीहून अधिक पाऊस पडतो. पण बहुतांश जून ते सप्टेंबरमध्येच. जांभ्याची माती पाणी फार काळ धरत नाही. मार्चच्या उन्हात ती भुसभुशीत होते.

उपाय काय?
कोरड्या मातीवर रोलर फिरवून उपयोग नाही. संध्याकाळी पाणी मारून गोणपाटाने झाकावे, सकाळी ओलसर असतानाच रोलर फिरवावा.

पाणी किती?
२२ यार्डांच्या, १० फूट रुंद खेळपट्टीवर १ सेंमी पाणी म्हणजे सुमारे ६०० लिटर. ज्या वाडीला टँकर लागतो, तिथे मॅट अंथरलेलीच बरी.