मालकाचं गुपित, भाडेकरूची दवंडी

कोपरीत भाड्याने घर शोधणाऱ्या मुसलमानाला एजंट सहसा तोंडावर 'नाही' म्हणत नाही. "साहेब, कालच टोकन आलं." "ओनर गावाला गेलेत." "माझं काही नाही हो, सोसायटीचा प्रॉब्लेम आहे." दोन दिवसांनी तोच फ्लॅट पुन्हा जाहिरातीत दिसतो. मग खरं कारण विचारलं, तर उत्तर ठरलेलं असतं : मालकाची गोष्ट आम्ही बाहेर सांगत नाही, धंद्याचा नियम आहे.

नियम चांगलाच आहे. प्रश्न एवढाच की तो आपल्याला का लागू होत नाही?

घर दाखवण्याआधीच एजंट आधार कार्डाचा फोटो मागतो, पगाराची स्लिप मागतो, घरात माणसं किती ते विचारतो. हे सगळं दहा मिनिटांत एजंटांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोहोचतं : 'वन बीएचके पाहिजे, मुस्लिम फॅमिली, चालेल का?' आडनाव देशमुख किंवा तांबे असलेल्या कोकणी मुसलमानाला तर आधी "या, या" होतं आणि पूर्ण नाव कळलं की फोन उचलणं बंद. मालकाचा पूर्वग्रह तेवढा तिजोरीत आणि भाडेकरूचा धर्म चाळीस अनोळखी मोबाइलमध्ये! याला गोपनीयता म्हणायचं?

घराची माहिती वाटून घ्यायला आमची हरकत नाही. एकाकडे घर, दुसऱ्याकडे गिऱ्हाईक, दलाली 'साइड बाय साइड', म्हणजे ज्याची त्याच्याकडून. मजला, क्षेत्रफळ, भाडं, डिपॉझिट खुशाल कळवा. पण त्या व्यवहारात माझ्या आधार कार्डाचं काम काय? पोलिसांना माहिती द्यावी लागते म्हणता, तर ती घर ठरल्यावर मालकाने पोलीस ठाण्याला द्यायची असते. आणि 'सोसायटीचा प्रॉब्लेम' म्हणाल, तर राज्याच्या आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट भाड्याने देताना सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, कळवावं लागतं. ही सबब निम्म्या वेळा सोसायटीला माहीतही नसते.

कायदा काय करतो? 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. 2023 मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला : माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरायची, संमती स्पष्ट हवी. नियम निघायला नोव्हेंबर 2025 उजाडला आणि मुख्य तरतुदींना आणखी 18 महिन्यांची मुदत मिळाली. 2019 च्या विधेयकात धर्म आणि जात 'संवेदनशील' माहितीत होती, 2023 च्या कायद्यात तो वर्गच उरला नाही. रेराचंही तेच. 2016 च्या त्या कायद्यातला एजंट म्हणजे विक्री जुळवणारा. महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली, हे उत्तम झालं, पण नुसती भाड्याची घरं दाखवणारा त्यात येतच नाही. गरजू माणसाची कागदपत्रं मात्र सर्वांत जास्त त्याच्याच मोबाइलमध्ये असतात.

सप्टेंबर 2023 मध्ये शेजारच्या मुलुंडमध्ये एका मराठी महिलेला मराठी म्हणून ऑफिससाठी जागा नाकारली. व्हिडिओ फिरला, सगळे पक्ष धावले, गुन्हा दाखल झाला. योग्यच झालं. तिला नकार तोंडावर मिळाला आणि तो कॅमेऱ्यात आला. आपला नकार 'टोकन आलं' या शब्दांत येतो, त्याचा व्हिडिओ काढणार कसा? फाळणीत घरदार सोडून आलेली सिंधी कुटुंबं कोपरीतच वसली. घरासाठी दारोदार हिंडणं म्हणजे काय, हे इथल्या जुन्या माणसांना सांगायला नको.

नकारांचा नकाशा पाहायचा असेल तर ठाण्याहून लोकल पकडा. कळवा, मग मुंब्रा. 1992-93 च्या दंगलींनंतर मुंब्रा कसं फुगत गेलं ते सर्वांना ठाऊक आहे. 'तुमच्या लोकांत बघा ना' हा एजंटांचा सल्ला तिकडेच जातो.

आणि तिथे पोहोचल्यावर आपले एजंट काय करतात, तेही बोलू या. 'तलाकशुदा आहे, एकटी राहणार' हे बाईच्या परवानगीशिवाय ग्रुपवर टाकणारे आपल्यातलेच आहेत. मालक तिच्या भावाला बोलावतो, आधीच्या नवऱ्याबद्दल चौकशा करतो. कोपरीत 'मुस्लिम' या शब्दाने जे होतं, तेच मुंब्र्यात 'तलाकशुदा'ने होतं. त्यावर गप्प राहून कोपरीच्या एजंटाला जाब विचारता येणार नाही.

आमच्या मागण्या साध्या आहेत. भाड्याची घरं दाखवणाऱ्यांनाही नोंदणी आणि आचारसंहिता लागू करा. घर पसंत पडून मालकाशी बोलणी पक्की होईपर्यंत ओळखपत्राची प्रत मागायची नाही. व्यवहार फिसकटला तर कागदपत्रं पुसून टाकायची आणि तसं कळवायचं. 'अमुक धर्माचा नको' ही मालकाची अट एजंटाने स्वीकारली, तर ती त्याने लेखी घ्यावी आणि मागणाऱ्याला लेखी दाखवावी.

तोवर आधार कार्डाचा फोटो पाठवायचाच झाला, तर त्यावर आडवं लिहा : 'फक्त अमुक फ्लॅटसाठी, अमुक तारखेला दिला'. नुसता आधार क्रमांक झाकायचा असेल तर मास्क्ड आधार यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. नाव मात्र त्यावरही पूर्ण छापलेलं असतं.