चिलरचा अलार्म थंडीच्या माथी मारू नका

भंडाऱ्यात डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरला की चिलरच्या पॅनलवर 'लो टेंपरेचर'चा दिवा लागला तरी कुणी दचकत नाही. 'थंडी पडली आहे, रिसेट मारा', असं म्हणून विषय मिटवला जातो. दूध शीतकरण केंद्र असो की कारखाना, हे उत्तर चुकीचं आहे आणि महागात पडणारं आहे.

थंडीच कारण असती तर मे महिन्यात, बाहेर 45 अंश असताना, हा अलार्म वाजलाच नसता. तो तेव्हाही वाजतो. थंडीचा संबंध अजिबात नाही असं मी म्हणत नाही. लोड घटतो, कॉम्प्रेसर सारखा चालू-बंद होतो. एअर-कूल्ड यंत्रात पंखे पूर्ण वेगाने फिरत राहिले तर हेड प्रेशर पडतं आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हला पुरेसा गॅस मिळत नाही. पण त्यावरचा उपाय पंख्यांचं नियंत्रण तपासणं हा आहे, रिसेट नव्हे.

खरा दोष बहुतेक वेळा पाण्याच्या प्रवाहात सापडतो. परतीचं पाणी 12 अंशांनी आत येतं, 7 अंशांनी बाहेर पडतं, असं धरा. परतीच्या पाण्यावर चालणाऱ्या साध्या चिलरमध्ये प्रवाह निम्मा झाला आणि कूलिंग तेवढंच राहिलं, तर फरक दहा अंशांचा होतो. म्हणजे पाणी 2 अंशांनी बाहेर येतं आणि 4 अंशांवर ठेवलेला अलार्म वाजतो. यंत्राने आपलं काम चोख केलेलं असतं. गाळणी उघडून बघा: गंजाच्या खपल्या, टेफ्लॉन टेपचे तुकडे, बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार. टाकीची पातळी उतरून पंप हवा ओढत असला तरी परिणाम तोच.

'गॅस कमी आहे, भरून टाका' हा दुसरा आवडता निष्कर्ष. गॅस कमी असू शकतो, पण बंद सर्किटातला गॅस वापरून संपत नाही. तो कमी झाला असेल तर गळती आहे. ती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणार. 'सेन्सर गेला' म्हणणाऱ्यांनी स्टीलच्या ग्लासात बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घेऊन सेन्सर त्यात बुडवावा, ढवळावं. शून्याच्या आसपास आकडा आला तर सेन्सर निर्दोष आहे.

सगळ्यात वाईट म्हणजे फ्लो स्विचच्या दोन तारा एकमेकींना जोडून उत्पादन चालू ठेवणं. 'काम थांबलं तर नुकसान कोण भरणार?' हा प्रश्न मला समजतो. सकाळचं दूध केंद्रावर येऊन उभं असतं. पण त्या जोडणीनंतर पंप बंद पडला तरी कॉम्प्रेसर चालूच राहतो. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं, कूलरची नळी फाटते, पाणी गॅसच्या बाजूला शिरतं आणि कॉम्प्रेसरही जातो. मग काही तासांचं नव्हे, आठवड्यांचं काम थांबतं.

शून्याजवळचं पाणी खरोखरच हवं असेल, तर सेटिंग खाली ओढून भागत नाही. त्यासाठी आइस बँक किंवा ग्लायकॉलचं सर्किट लागतं, आणि दुधाच्या ठिकाणी ते प्रॉपिलीन ग्लायकॉलच असायला हवं.

तेव्हा क्रम असा ठेवा: आधी प्रवाह, मग सेन्सर, गॅस शेवटी. आणि तुमच्या पॅनलमध्ये फ्लो स्विचच्या तारा जोडलेल्या असतील, तर त्या आजच सोडवा.