भेटपत्रावर सही घेण्याआधी

बालाघाटजवळच्या भरवेलीत मँगनीजची खाण चालवणारी कंपनी मूळची इंग्रजी. 1896 साली सेंट्रल प्रॉव्हिन्स प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट या नावानं ती या भागात आली. सरकारशी झालेल्या 1962 च्या करारानंतर मॉयल ही आजची कंपनी उभी राहिली आणि 1977 मध्ये उरलेले समभागही सरकारकडे आले. मालक बदलले, पण कामगाराच्या दृष्टीनं एक गोष्ट तशीच राहिली: घर नोकरीबरोबर मिळतं आणि नोकरीबरोबर जातं. गोंदिया, भंडारा, नागपूरकडून इथं येऊन स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनी उभी हयात क्वार्टरमध्ये काढली. घर विकत घेण्याचा प्रश्न पहिल्यांदा समोर येतो तो निवृत्तीच्या वर्षी. त्याच वर्षी भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी एकदम हाती पडते, आणि नेमक्या त्याच सुमारास टोरांटोहून किंवा मेलबर्नहून मुलाचा फोन येतो, ‘बाबा, इथं घर बघतोय, डाउन पेमेंटला थोडे कमी पडतात.’

या अंकाचा विषय परदेशातली घरखरेदी हा आहे. आतल्या लेखांत परवानग्या, कर्ज आणि कर यांची चर्चा आहेच. इथं मला बोलायचंय ते खरेदीदाराबद्दल नाही, पैसे पाठवणाऱ्याबद्दल. आपल्यापैकी बहुतेक सल्लागार बालाघाट, गोंदिया, नागपूर इथं काम करतात. आपल्या टेबलासमोर मुलगा येत नाही, वडील येतात.

ते येतात तेव्हा त्यांच्या हातात एक पानभर इंग्रजी मजकूर असतो. मुलाच्या बँकेनं मागितलेलं भेटपत्र. कॅनडा असो, ब्रिटन असो की ऑस्ट्रेलिया, डाउन पेमेंटचे पैसे घरच्यांकडून येणार असतील तर कर्ज देणारी बँक हे पत्र मागते. त्यात साधारणपणे इतकंच असतं: ही रक्कम मी माझ्या मुलाला भेट देत आहे, ती परत मिळण्याची माझी अपेक्षा नाही. काही पत्रांत पुढचं वाक्यही असतं, की या घरावर माझा कसलाही हक्क राहणार नाही. वडिलांना हे बँकेचं नेहमीचं कागदपत्र वाटतं. आपणही पॅन, खाते क्रमांक, परदेशी पैसे पाठवण्याचा ए-टू फॉर्म तपासतो आणि ‘इथं सही करा’ म्हणून बोट ठेवतो. तीस-पस्तीस वर्षांच्या खाणीतल्या नोकरीची कमाई त्या सहीनं कायमची दुसऱ्याची होते. हे पत्र त्यांना त्यांच्या भाषेत, शब्दन्‌शब्द वाचून दाखवणं हा आपल्या कामाचा भाग आहे असं मी मानतो.

‘मग घरावर माझंही नाव घाला’ असं वडील म्हणतात, आणि ते रास्त आहे. आपला कायदा आड येत नाही. उदारीकृत प्रेषण योजनेखाली निवासी व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते, आणि 2022 च्या परदेशी गुंतवणूक नियमांनुसार अनिवासी नातेवाइकासोबत संयुक्त नावानं घरही घेता येतं. अडचण तिकडे आहे. ऑस्ट्रेलियानं 1 एप्रिल 2025 पासून परकीय व्यक्तींना जुनी, वापरातली घरं घेणं बंद केलं. मुलाला तिथं कायम वास्तव्य मिळालेलं असेल तर त्याला ही बंदी लागू नाही, पण भरवेलीत राहणारे वडील परकीयच ठरतात. कॅनडात 1 जानेवारी 2023 पासून टोरांटोसारख्या महानगरांत परदेशी व्यक्तीला निवासी घर घेता येत नाही. वर्क परमिटवाल्या मुलाला अटींसह सवलत आहे, वडिलांना नाही. सिंगापूरचा हिशेब तर अधिकच कठोर आहे. संयुक्त खरेदीत सर्वांत चढा दर लागतो. कायम रहिवासी मुलाच्या पहिल्या घरावर 5 टक्के जादा मुद्रांक शुल्क असेल, तर वडिलांचं नाव जोडताच ते परदेशी खरेदीदाराच्या 60 टक्क्यांवर जातं.

नाव लागलंच, तरी आजवर ‘सहज’ (आयटीआर-1) फॉर्म भरलेल्या माणसाला ते विवरणपत्र पुढे चालत नाही. परकीय मालमत्तेची अनुसूची भरावी लागते, तीही कॅलेंडर वर्षाप्रमाणे. ती न भरल्यास 2015 च्या काळा पैसा कायद्याखाली दहा लाखांचा दंड होऊ शकतो, आणि छोट्या रकमांना दिलेली सूट स्थावर मालमत्तेला नाही.

या कोंडीतून काढलेला एक मार्ग आपल्याच व्यवसायात चालतो, आणि त्याबद्दल स्पष्ट लिहायला हवं. तिकडच्या बँकेला ‘भेट’ म्हणून पत्र द्यायचं आणि इकडे शंभराच्या नाहीतर पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर मुलाकडून ‘कर्ज’ म्हणून करारनामा करून ठेवायचा. असा करार आपण लिहून देऊ नये. दोन कागदांपैकी एक खोटा असतो. तो उघडा पडला तर मुलाचं कर्ज आणि त्याची पत तिकडे अडचणीत येते, आणि इकडे वडिलांना परत काही मिळण्याची शक्यता शून्यच राहते. कर्जच द्यायचं असेल तर पैसे पाठवण्याआधी तसं मुलाच्या बँकेला सांगावं. बँक नाही म्हणाली तर नाही. भेट असेल तर ती भेटच आहे हे वडिलांनी स्वीकारलेलं असावं, आणि दुसऱ्या मुलाबाळांचा विचार करून या रकमेची नोंद मृत्युपत्रात करावी. बालाघाटला राहून आईवडिलांचं औषधपाणी पाहणाऱ्या मुलीला पुढे या नोंदीचाच आधार असतो.

पैशाचा हिशेबही आधी मांडून दाखवावा. समजा वडील एका आर्थिक वर्षात 40 लाख पाठवणार आहेत. 10 लाखांवरच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस (स्रोतावर गोळा होणारा कर) गोळा करते, म्हणजे 6 लाख. हातात 46 लाख हवेत. हे 6 लाख विवरणपत्र भरल्यावर परत मिळतात, पण तोवर अडकून राहतात, आणि निवृत्त माणसाला ते महिने जड जातात. निम्मी रक्कम मार्चमध्ये आणि निम्मी एप्रिलमध्ये पाठवली तर 10 लाखांची मर्यादा दोनदा मिळते आणि टीसीएस 4 लाखांवर येतो. गावाकडचं जुनं घर विकून पैसे उभे करणार असतील तर आणखी एक गोष्ट सांगावी: 2014 च्या वित्त कायद्यापासून भांडवली नफ्यावरची सूट भारतातल्या घरासाठीच मिळते, मुलाच्या मेलबर्नमधल्या घरासाठी नाही.

सर्वांत आधी मात्र विचारावं, ‘क्वार्टर सोडल्यावर तुम्ही दोघं कुठे राहणार?’ पुष्कळदा उत्तर येतं, ‘मुलाकडेच जाऊ.’ परदेशात घर झालं म्हणून आईवडिलांना तिथं कायम राहता येत नाही. तो व्हिसाचा प्रश्न आहे, आणि घराचे कागद त्यात उपयोगी पडत नाहीत. त्यामुळे आपला सल्ला एकच असावा: आधी बालाघाट, गोंदिया, जिथं मन असेल तिथं स्वतःच्या नावावर छप्पर, मग दोघांच्या औषधोपचाराची ठेव, आणि त्यातून उरेल ते मुलाला. मुलावरच्या मायेत यानं काही कमी होत नाही. बहुतेक मुलांनाही हे पटतं, फक्त त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. व्हिडिओ कॉलवर त्यांना बैठकीत घ्यावं.

आणि भेटपत्र वाचून दाखवाल त्या दिवशी आईलाही बोलवा. मोडली जाणारी मुदत ठेव बहुधा दोघांच्या नावावर असते, सही मात्र एकट्या वडिलांची घेतली जाते.