विश्लेषण : व्हॉट्सॲप ग्रुप आपला, पण मालक कोण? ‘फुकट’ सेवेचे नियम बदलले तर जाब विचारता येतो का?

गावाचा ग्रुप, बचत गटाचा ग्रुप, शाळेचा ग्रुप... सगळा कारभार व्हॉट्सॲपवर आला. मात्र या ग्रुपचे नियम ठरवणारा मालक गावात नाही, जिल्ह्यात नाही, देशातही नाही. त्याने निर्णय बदलला तर आपल्या हाती काय उरते? या प्रश्नाचा एक धागा थेट गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगावपर्यंत पोहोचतो.

धान खरेदी केंद्रावर नोंदणी कधी सुरू होणार, चुकारे जमा झाले का, रात्री वीज किती वाजता येणार, जंगलालगतच्या रस्त्यावर वाघ दिसला का, मंडईला नाटक कोणत्या कंपनीचे आहे... अर्जुनी मोरगाव तालुक्यातील कुठल्याही गावात आज यातील बहुतेक बातम्या आधी मोबाइलवर येतात, मग चौकात. ग्रुप उघडायला पैसे लागत नाहीत, म्हणून तो ‘आपला’ वाटतो. तो खरेच आपला आहे का?

अर्जुनी मोरगावचे प्रकरण काय होते?

२०१६ मध्ये अर्जुनी मोरगाव पोलीस ठाण्यात एका व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनवर गुन्हा दाखल झाला. ग्रुपमधील एका सदस्याने महिला सदस्याबद्दल अश्लील भाषा वापरली होती. ॲडमिनने त्या सदस्याला ग्रुपमधून काढले नाही, माफी मागायलाही लावले नाही, अशी तक्रार होती. ॲडमिनने गुन्हा रद्द करण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात धाव घेतली.

१ मार्च २०२१ रोजी न्या. झेड. ए. हक आणि न्या. अमित बोरकर यांच्या खंडपीठाने हा गुन्हा रद्द केला. ॲडमिनचे अधिकार मर्यादित आहेत. तो सदस्य जोडू शकतो किंवा काढू शकतो, पण एखादा मजकूर ग्रुपवर पडण्याआधी तो अडवू शकत नाही. म्हणून समान हेतू किंवा आधी ठरलेला कट दिसत नसेल, तर दुसऱ्याच्या पोस्टसाठी ॲडमिनला जबाबदार धरता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. आजही देशभरातील ग्रुप ॲडमिनबाबतच्या चर्चेत या निकालाचा आधार घेतला जातो.

म्हणजे ॲडमिन मालक नाही?

नाही. हा निकाल गुन्हेगारी जबाबदारीपुरता होता. पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते : ॲडमिनकडे किती अधिकार असावेत हे ॲडमिन ठरवत नाही, कंपनी ठरवते.

निकाल लागला तेव्हा दुसऱ्याचा मेसेज सर्वांसाठी पुसण्याची सोय ॲडमिनकडे नव्हती. २०२२ मध्ये कंपनीने ती दिली. ग्रुपची मर्यादा २०१६ मध्ये २५६ सदस्यांची झाली, २०२२ मध्ये आधी ५१२ आणि नंतर १०२४. अनेक ग्रुप एका छताखाली आणणारी ‘कम्युनिटी’ ही सोयही त्याच वर्षी आली. ॲडमिनची ताकद आणि त्याच्यावरचा भार, दोन्ही वाढले. यातला एकही निर्णय ॲडमिनला विचारून झालेला नाही.

मालकाचा प्रत्येक निर्णय वाईटच असतो का?

तसे नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून जमावाने पाच जणांची हत्या केली. त्या काळात देशात अशा अनेक घटना घडल्या. केंद्र सरकारने जाब विचारल्यानंतर व्हॉट्सॲपने त्याच महिन्यात भारतात मेसेज एका वेळी फक्त पाच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घालण्याचे जाहीर केले. अनेकदा फिरलेल्या मेसेजसाठी एप्रिल २०२० मध्ये ही मर्यादा एकावर आणली. त्रास झाला म्हणून काही जणांनी कुरकुर केली, पण हा निर्णय गरजेचा होता.

अडचण निर्णय चांगला की वाईट ही नाही. तो घेताना वापरणाऱ्याचे म्हणणे ऐकण्याची कोणतीही बांधील रीत नाही, ही खरी अडचण आहे.

नियम कधी आणि कसे बदलले?

व्हॉट्सॲप २००९ मध्ये सुरू झाले. आपण जाहिराती का विकत नाही, याचे सविस्तर कारण संस्थापकांनी २०१२ मध्ये जाहीरपणे लिहिले होते. फेब्रुवारी २०१४ मध्ये फेसबुकने (आताची मेटा) ही कंपनी १९ अब्ज डॉलरना विकत घेण्याची घोषणा केली. पहिल्या वर्षानंतर वर्षाला एक डॉलर घेण्याची पद्धत जानेवारी २०१६ मध्ये बंद झाली आणि सेवा पूर्ण मोफत झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नवे धोरण आले : फोन क्रमांकासह काही माहिती फेसबुकला दिली जाईल. त्या वेळी जुन्या वापरकर्त्यांना ३० दिवसांत नकार देण्याची सोय होती.

दोन्ही कंपन्यांची खाती आपोआप जोडता येणार नाहीत, असे फेसबुकने खरेदीच्या वेळी युरोपीय आयोगाला सांगितले होते. ही माहिती दिशाभूल करणारी होती, असे सांगत आयोगाने मे २०१७ मध्ये फेसबुकला ११ कोटी युरोंचा दंड केला. संस्थापकांपैकी ब्रायन ॲक्टन २०१७ मध्ये आणि यान कूम २०१८ मध्ये कंपनीतून बाहेर पडले.

जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा धोरण बदलले. या वेळी नकाराचा पर्याय नव्हता. ८ फेब्रुवारीपर्यंत ‘मान्य’ करा, नाहीतर खाते वापरता येणार नाही, असा संदेश फोनवर झळकू लागला. वैयक्तिक मेसेजमधील मजकूर कंपनीला वाचता येत नाही, हे तेव्हाही खरे होते आणि आजही आहे. वाद मजकुराचा नव्हता. कोणता फोन, कोणता क्रमांक, कोणत्या व्यावसायिक खात्याशी संपर्क, किती वेळ वापर, अशा भोवतालच्या माहितीचा होता. आणि जून २०२५ मध्ये ‘स्टेटस’च्या पानावर जाहिराती येणार असल्याचे कंपनीने जाहीर केले.

लोकांनी प्रश्न विचारले तेव्हा काय झाले?

जानेवारी २०२१ मध्ये सिग्नल आणि टेलिग्रामकडे लोंढा वळला. ७२ तासांत अडीच कोटी नवे सदस्य आल्याचे टेलिग्रामने सांगितले. व्हॉट्सॲपला भारतीय वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन खुलासा करावा लागला. मुदत १५ मेपर्यंत वाढवली गेली. केंद्र सरकारनेही धोरण मागे घेण्यास सांगितले. शेवटी, ‘मान्य’ न करणाऱ्यांच्या सोयी कमी करणार नाही, अशी भूमिका कंपनीने घेतली.

फार थोड्या वाचकांना ठाऊक असलेली गोष्ट पुढे आहे. १ फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने व्हॉट्सॲपला आदेश दिला, की ही हमी पाच राष्ट्रीय वृत्तपत्रांत पानभर जाहिरात देऊन लोकांना सांगा. म्हणजे प्रश्न विचारण्याचा उपयोग झाला. पण तोवर दोन वर्षे लोटली होती आणि असंख्य लोकांनी घाबरून ‘मान्य’चे बटण दाबून टाकले होते.

पैसे देत नाही, मग आपण ‘ग्राहक’ कसे?

कायद्यातील खरी गाठ इथे आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मोबदला देऊन वस्तू किंवा सेवा घेणारा तो ग्राहक. ‘सेवा’ या शब्दाच्या व्याख्येतून विनामूल्य दिलेली सेवा स्पष्टपणे वगळली आहे. किराणा दुकानदाराने वजनात मारले तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. फुकट ॲपने नियम फिरवले तर दारातच ‘तुम्ही मोबदला काय दिला?’ असा प्रश्न उभा राहतो.

ही भिंत पूर्ण अभेद्य राहिलेली नाही. उत्तर प्रदेशच्या राज्य ग्राहक आयोगाने २०२५ मध्ये व्हॉट्सॲपविरुद्धची एक तक्रार ग्राहक आयोगाने ऐकण्याजोगी असल्याचे म्हटले. मात्र हा एका राज्यातील आयोगाचा निर्णय आहे. कायद्यातील व्याख्या बदललेली नाही.

स्पर्धा आयोगाने वेगळी वाट कशी काढली?

भारतीय स्पर्धा आयोगाने मार्च २०२१ मध्ये स्वतःहून चौकशी सुरू केली. आयोगाचा युक्तिवाद साधा होता. सेवा मोफत असेल तर कंपन्यांत स्पर्धा किमतीवर होत नाही, दर्जावर होते. आणि माहितीची गोपनीयता हा दर्जाचाच भाग आहे. बाजारात दबदबा असलेल्या कंपनीने ‘घ्या नाहीतर जा’ म्हणत हा दर्जा कमी केला, तर तो दबदब्याचा गैरवापर ठरतो.

१८ नोव्हेंबर २०२४ रोजी आयोगाने मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला आणि जाहिरातींसाठी व्हॉट्सॲपची माहिती मेटाच्या इतर कंपन्यांना देण्यावर पाच वर्षांची बंदी घातली. ४ नोव्हेंबर २०२५ रोजी राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पाच वर्षांची बंदी मात्र रद्द केली. वापरणाऱ्याला निवडीची संधी देण्याचे निर्देश जाहिरातींसाठीच्या माहितीलाही लागू आहेत, असे न्यायाधिकरणाने डिसेंबरमध्ये स्पष्ट केले.

इतर देशांत ग्राहकांनी काय केले?

सर्वात गाजलेले उदाहरण ‘रेडिट’चे. तिथल्या हजारो चर्चागटांची देखभाल बिनपगारी स्वयंसेवक करतात. २०२३ मध्ये कंपनीने बाहेरच्या ॲपना माहिती पुरवण्यासाठी मोठे शुल्क लावले. ‘अपोलो’ या लोकप्रिय ॲपच्या निर्मात्याने वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलर खर्च येईल असा हिशेब मांडला आणि ३० जूनला ॲप बंद केले. निषेध म्हणून १२ जूनपासून आठ हजारांहून अधिक गटांनी दारे बंद ठेवली. कंपनी मागे हटली नाही. गट बंद ठेवणाऱ्या स्वयंसेवकांना बदलण्याचा इशारा तिने दिला. मार्च २०२४ मध्ये ती शेअर बाजारात उतरली.

कंपनीची बाजूही आहे. सर्व्हर, वीज, अभियंते यांचा खर्च कुणीतरी द्यावाच लागतो. तो निघाला नाही तर काय होते, हे मराठीसह अनेक भारतीय भाषांत चालणाऱ्या ‘कू’ने दाखवले. जुलै २०२४ मध्ये ते बंद पडले. त्याआधी ३० सप्टेंबर २०१४ रोजी गुगलने ‘ऑर्कुट’ला टाळे लावले होते. शुल्क लावणे हा गुन्हा नाही. पण लोकांच्या मेहनतीवर गट मोठा करायचा आणि नियम बदलताना त्यांनाच बाहेर उभे ठेवायचे, यावर आक्षेप आहे.

मग लोक सोडून का जात नाहीत?

अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये मांडले होते, की नाराज माणसापुढे दोन वाटा असतात : निघून जाणे किंवा आवाज उठवणे. निघून जाता येत असेल तरच आवाजाला वजन येते. चहाची टपरी बदलणे सोपे, कारण तिथे तुम्ही एकटे जाता. ग्रुप बदलायचा तर दीडशे घरांनी एकाच दिवशी बदलायला हवे. एकटा शेतकरी सिग्नलवर गेला तर त्याची गोपनीयता वाचेल, पण खरेदी केंद्राचा निरोप चुकेल. मालकाला हे नेमके ठाऊक असते.

नवा विदा कायदा मदतीला येईल का?

काही प्रमाणात. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कंपन्यांवरील मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. आपली कोणती माहिती वापरली जाते हे विचारण्याचा, ती दुरुस्त करून किंवा पुसून घेण्याचा आणि तक्रार निवारणाचा हक्क त्यात आहे. इथे मोबदल्याची अट नाही, हे महत्त्वाचे.

पण एक मोठी उणीव आहे. आपली माहिती उचलून दुसऱ्या सेवेकडे नेण्याचा हक्क २०१९ च्या मसुद्यात होता. अंतिम कायद्यात तो नाही. मोबाइल क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलता येते, म्हणून मोबाइल कंपन्या ग्राहकाला थोड्या तरी घाबरतात. ग्रुपबाबत तशी सोय नाही.

तोवर वापरकर्त्याने काय करावे?

• बचत गट, पतसंस्था, पाणीवाटप यांचे हिशेब आणि ठराव फक्त ग्रुपवर ठेवू नयेत. वहीतील नोंद हीच खरी नोंद माना.

• सदस्यांची नावे व क्रमांक कागदावर उतरवून ठेवा. एका ॲडमिनचा फोन हरवला तरी काम अडू नये म्हणून किमान दोन ॲडमिन नेमा.

• महत्त्वाच्या चॅटची प्रत ‘एक्स्पोर्ट चॅट’ या पर्यायातून अधूनमधून काढून ठेवा.

• नवे धोरण आले की ‘मान्य’ दाबण्याआधी नकाराचा पर्याय आणि मुदत पाहा. २०१६ मध्ये पर्याय होता, पण तो फक्त ३० दिवस होता.

• ग्रामपंचायत, शाळा आणि खरेदी केंद्रांनी सूचना फक्त व्हॉट्सॲपवर देऊन थांबू नये. फलकावर कागद लागलाच पाहिजे. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, तोही गावचाच आहे.

अर्जुनी मोरगावच्या प्रकरणाने ॲडमिनची जबाबदारी कुठे संपते हे सांगितले. मालकाची जबाबदारी कुठे सुरू होते, याचे उत्तर मात्र अजून तुकड्या-तुकड्यांत मिळते आहे : थोडे स्पर्धा आयोगाकडून, थोडे न्यायालयाकडून आणि थोडे २०२७ मध्ये लागू होणाऱ्या नियमांतून.