यंत्राचा दावा आणि कायद्याची मुभा

गंगाखेड ही संत जनाबाईंची भूमी होय, हे आपल्या परभणी जिल्ह्यातील लहान मुलासही ठाऊक आहे. त्यांचे अभंग सुमारे सातशे वर्षांपूर्वीचे. त्यांवर आज कोणाचाही स्वामित्वहक्क नाही. तथापि एखाद्या विद्यार्थिनीने त्यांतील अभंग परंपरागत चालीवर, स्वतःच्या कंठाने गाऊन त्याची चित्रफीत यूट्यूबवर ठेवली, तर तीवर एखाद्या कंपनीचा दावा येऊन आदळणे अशक्य नाही. असला दावा बहुधा मनुष्य करीत नाही, यंत्र करते. कंपन्यांनी आपली ध्वनिमुद्रणे अगोदरच स्वाधीन केलेली असतात. 'कंटेंट आयडी' नामक यंत्रणा प्रत्येक नवी चित्रफीत त्यांच्याशी ताडून पाहते, आणि साम्य भासताच ती चित्रफीत रोखली जाते किंवा तिचे उत्पन्न दावेदाराकडे वळते.

स्वामित्वहक्काविषयी आमच्या मनात यत्किंचितही अनादर नाही. ज्याने गीत रचिले त्यास त्याचे मोल मिळालेच पाहिजे. (शेजाऱ्याची वही उतरवून काढणाऱ्यांनीही हे ध्यानी धरावे!) परंतु आपल्या 1957 च्या कायद्याच्या 52 व्या कलमाने टीका, परीक्षण, चालू घडामोडींचे वृत्त व अध्यापन यांकरिता मुभा ठेविली आहे. शाळेत विद्यार्थी व पालक यांच्यासमोर केलेले नाट्यगायनही तीत येते. मात्र तेच साऱ्या जगापुढे मांडल्यास ही सवलत पुरत नाही. तात्पर्य, कायदा विचारतो, 'कशासाठी घेतले?' यंत्र एवढेच विचारते, 'सारखे आहे काय?'

2018 साली इंग्रज पियानोवादक जेम्स ऱ्होड्स यांनी बाखची एक रचना स्वतः वाजवून फेसबुकवर ठेविली. बाख 1750 साली निवर्तला. तरी 47 सेकंदांवर सोनी कंपनीचा हक्क सांगण्यात आला. त्यांची हरकत प्रथम फेटाळली गेली. बभ्रा झाल्यावर दावा सुटला. आमच्या खेड्यातील मुलाकरिता असा बभ्रा कोण करणार?

2021 च्या पहिल्या सहामाहीत यूट्यूबवर असे 72 कोटींहून अधिक दावे झाले. शंभरांत एकासही हरकत घेतली गेली नाही. पण ज्यांस घेतली, त्यांतील सुमारे 60 टक्क्यांचा निकाल चित्रफीतकर्त्याच्या बाजूने लागला. बाकीचे सारे दावे खरेच होते, असे आम्हांस वाटत नाही. हरकतीचा पहिला निवाडा दावेदारच करितो. वादीच न्यायासनावर बसला असता प्रतिवादीचे तोंड कसे उघडावे? चित्रफीत रोखण्यापूर्वी ती मनुष्याने पाहावी, व हरकतीचा निर्णय तिऱ्हाइताने द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तोपर्यंत पालकहो, मुलाच्या चित्रफितीवर दावा आला म्हणजे 'ठेव तो मोबाईल' म्हणून त्यास गप्प करू नका. गीत कोणाचे, ध्वनिमुद्रण कोणाचे, किती घेतले व कशासाठी, एवढे त्यास विचारा. उत्तरे स्वच्छ असतील तर हरकत अवश्य नोंदवावी. तीस शुल्क नाही. चार ओळी मात्र लिहाव्या लागतात, आणि त्या तपासून देण्यास आम्ही शिक्षक आहोतच.