विश्लेषण : पंखा काढून फक्त पाण्यावर घरचा कॉम्प्युटर थंड ठेवता येतो का? कात्रपच्या उन्हाळ्यात हे गणित कुठे अडतं?

उन्हाळ्यात बदलापूर परिसरात पारा ४० अंशांच्या पुढे जातो. बदलापूर पूर्वेच्या कात्रपमध्ये वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली बसून काम करणाऱ्यांना हे हवामान खात्यानं सांगावं लागत नाही. टेबलाखालच्या सीपीयूचा पंखाच ते सांगतो. आधी त्याचा आवाज वाढतो, मग कॉम्प्युटर मंदावतो.

बदलापूर सीएसएमटीपासून सुमारे ६८ किलोमीटर दूर आहे. घरून काम करण्याची मुभा म्हणजे लोकलमधले रोजचे जवळपास तीन तास वाचणं. त्यामुळे घरचा कॉम्प्युटर भर दुपारी नीट चालणं ही अनेकांची गरज आहे. यावर ‘पॅसिव्ह वॉटर कूलिंग’ हा उपाय सुचवला जातो. पंखा नाही, आवाज नाही, उष्णता पाणी घेऊन जाणार. पण कुठे घेऊन जाणार?

पॅसिव्ह वॉटर कूलिंग म्हणजे काय?

प्रोसेसरवर तांब्याचा एक पोकळ ठोकळा बसवतात. त्यातून पाणी फिरतं, गरम होतं आणि नळीवाटे मोठ्या रेडिएटरकडे जातं. नेहमीच्या वॉटर कूलिंगमध्ये या रेडिएटरवर पंखे असतात. पॅसिव्ह प्रकारात पंखे नसतात. रेडिएटरचा पृष्ठभागच इतका मोठा ठेवतात की आजूबाजूच्या हवेत उष्णता आपोआप निघून जाते. पाणी फिरवायला बहुतेक वेळा छोटा पंप लागतो.

दक्षिण कोरियाच्या झालमन कंपनीचा ‘रेझरेटर १’ हे याचं गाजलेलं उदाहरण. सुमारे दोन फूट उंचीचा, अॅल्युमिनियमच्या पात्यांचा हा खांब कॉम्प्युटरशेजारी उभा करायचा आणि त्यात सुमारे अडीच लिटर पाणी भरायचं.

पंपाशिवायही पाणी फिरू शकतं. गरम पाणी हलकं होऊन वर चढतं आणि थंड पाणी खाली उतरतं. इमारतींच्या गच्चीवरचे अनेक सोलर वॉटर हीटर याच तत्त्वावर चालतात, म्हणून त्यांची टाकी पॅनेलच्या वर असते. कॉम्प्युटरसाठी हे करायचं तर रेडिएटर प्रोसेसरपेक्षा उंच हवा.

पाण्याची बादली पुरेल का?

पाण्यात भरपूर उष्णता मावते. एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला सुमारे ४,१८६ ज्यूल लागतात. १०० वॉट खाणारा कॉम्प्युटर दर सेकंदाला १०० ज्यूल उष्णता सोडतो. ती सगळी २० लिटरच्या बादलीत गेली, तर पाणी साधारण १४ मिनिटांत एक अंशानं तापेल, म्हणजे तासाला सुमारे चार अंशांनी.

सकाळी ३० अंशांवर असलेलं पाणी पाच तासांत ५० अंशांच्या आसपास पोहोचू शकतं. प्रत्यक्षात थोडी उष्णता हवेत जाईल, त्यामुळे वेग कमी होईल. पण बादली उष्णता फक्त साठवते. ती संपवत नाही.

कात्रपच्या खोलीत अडचण काय?

बंद नळीतलं पाणी खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. समजा, या रचनेत प्रोसेसर हवेपेक्षा ४५ अंशांनी जास्त तापतो. खोली २५ अंशांवर असताना तो ७० अंशांवर राहील. खोली ३८ अंशांवर गेली की तोच ८३ अंशांवर जाईल. आजचे अनेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतात. म्हणजे उन्हाळ्यात हाताशी उरतात फक्त १२ ते १७ अंश.

दुसरी अडचण रेडिएटरच्या आकाराची. पंख्याशिवाय एक चौरस मीटर पृष्ठभागातून, हवेशी एक अंशाचा फरक असताना, ढोबळमानानं १० वॉट उष्णता बाहेर पडते. पाणी हवेपेक्षा १५ अंशांनीच गरम ठेवून १०० वॉट बाहेर टाकायचे, तर सुमारे ७ चौरस फूट पृष्ठभाग हवा. ग्राफिक्स कार्डासह ३०० वॉट असतील, तर २१ चौरस फूट. पात्यांमुळे हे कमी जागेत बसवता येतं, पण ते भिंतीला टेकवून किंवा कपाटात बंद करून चालत नाही.

आणि मुख्य मुद्दा म्हणजे उष्णता शेवटी त्याच खोलीत येते. १०० वॉटचा कॉम्प्युटर म्हणजे खोलीत आणखी एक माणूस बसल्यासारखं आहे. पंखा असो वा पाणी, हा आकडा बदलत नाही.

माठ चालतो, मग हे का नाही?

माठातलं पाणी हवेपेक्षा थंड होतं, कारण ते पाझरतं आणि त्याची वाफ होते. बंद नळीत वाफ होत नाही. उघड्या पाण्यातून १०० वॉट उष्णता बाष्पीभवनानं घालवायची, तर तासाला सुमारे १५० मिलीलिटर पाणी उडून जाईल. ती वाफ बंद खोलीत दमटपणा वाढवेल, आणि माणसाचा घाम वाळायला आणखी वेळ लागेल. विदर्भात कूलर जितका उपयोगी पडतो, तितका तो दमट हवेत पडत नाही, त्याचं कारणही हेच.

धोके कोणते?

नळाचं पाणी यात चालत नाही. त्यातले क्षार साचतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात तसं डिस्टिल्ड वॉटर आणि गंजरोधक द्रव लागतो. एकाच नळीमार्गात तांबं आणि अॅल्युमिनियम एकत्र आले, तर अॅल्युमिनियम झिजून गळतीचा धोका वाढतो. आणि गळती म्हणजे मदरबोर्ड गेला. पंखा बिघडला तर तो स्वस्तात बदलता येतो.

मग करायचं काय?

पॅसिव्ह कूलिंगचा खरा फायदा शांतता हा आहे. घरी आवाज रेकॉर्ड करणाऱ्यांना, रात्री काम करणाऱ्यांना ते उपयोगी पडेल. विजेची बचत मात्र नगण्य, कारण कॅबिनेटचा पंखा साधारण दोन-तीन वॉटच घेतो.

उष्णता हाच प्रश्न असेल, तर ती मुळात कमी तयार होणं महत्त्वाचं. कमी वॉटचा प्रोसेसर हा सर्वात चांगला उपाय. अॅपलनं २०२० च्या अखेरीस आणलेल्या एम१ मॅकबुक एअरमध्ये पंखाच नाही. जुन्या विंडोज कॉम्प्युटरवर पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ ९९ टक्के केलं, तर अनेक प्रोसेसरचा जादा वेग बंद होतो आणि तापमान उतरतं. धूळ काढणं, थर्मल पेस्ट बदलणं, कॅबिनेट भिंतीपासून वीतभर दूर ठेवणं आणि मोठा, हळू फिरणारा पंखा बसवणं हे त्यानंतरचं. सोसायटीनं गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग दिला, तर स्लॅबखालच्या प्रत्येक खोलीला फायदा होतो, कॉम्प्युटरलाही आणि माणसांनाही.

हा प्रश्न फक्त एका खोलीचा आहे का?

नाही. मोठ्या कॉम्प्युटरनाही हाच नियम लागू आहे. पुण्यात पाषाणच्या आयसर संस्थेतला ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक थेट चिपपर्यंत नेलेल्या पाण्यानं थंड ठेवला जातो. आता असे कॉम्प्युटर बदलापूरच्या शेजारीही येऊ घातले आहेत. बदलापूरहून काटई नाक्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला पलावा आहे. तिथल्या डेटा सेंटर पार्कसाठी लोढा समूह आणि राज्य सरकारमध्ये सप्टेंबर २०२५ मध्ये ३० हजार कोटी रुपयांचा सामंजस्य करार झाला.

एक मेगावॉट उष्णता फक्त बाष्पीभवनानं घालवायची, तर दिवसाला सुमारे ३६ हजार लिटर पाणी उडून जातं. माणशी १३५ लिटर या शहरी निकषानं हे २६०हून अधिक लोकांचं रोजचं पाणी झालं. बंद नळ्या आणि हवेवर चालणारे रेडिएटर वापरले, तर पाणी वाचतं, पण उन्हाळ्यात वीज जास्त लागते. उल्हास नदीच्या पाण्यावर जगणाऱ्या पट्ट्यात यातली कोणती पद्धत निवडली जाते, हे म्हणूनच विचारायला हवं.

कात्रपच्या खोलीतला कॉम्प्युटर असो की डेटा सेंटर, उष्णता नाहीशी होत नाही, ती फक्त जागा बदलते. कोणतंही कूलिंग विकत घेण्याआधी ती शेवटी कुठे जाणार, हे पाहिलं तर पैसे वाचतील.